पंप निघेल, बोल्टशी भांडू नका

प्रश्न : काका, नमस्कार. वडिलांची वीस वर्षं जुनी पेट्रोल गाडी मी सुट्टीत घरीच बघतो. परवा सोलापूरहून परतताना तापमानाचा काटा थेट लाल खुणेला टेकला. इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवतो त्या वॉटर पंपाखालून तांबूस पाणी ठिबकत होतं, म्हणून नवा पंप आणला. जुन्याचे पाचपैकी तीन बोल्ट निघाले. चौथ्याचं डोकं मोडून हातात आलं. पाचव्याचे कोपरे घासलेत, पाना नुसता फिरतो. गॅरेजवाले म्हणतात इंजिन उतरवावं लागेल. आजवर रेडिएटरमध्ये बोअरचंच पाणी घातलं आहे. काय करू? – एक वाचक, बार्शी

उत्तर : इंजिन उतरवायची गरज नाही. हातातला पाना मात्र आज खाली ठेवा. घासलेल्या डोक्यावर रागाने मारलेला प्रत्येक हिसका उद्याचं काम वाढवतो.

आधी पंपच बदलायला हवा होता का, ते बघू. पंपाच्या अंगाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथूनच ठिबकतं. त्या भोकाखाली तांबूस ओघळ असेल, किंवा बेल्ट काढून पुली हलवल्यावर ती डुगडुगत असेल, तर तुमचं निदान बरोबर आहे. काम पुढे न्या.

चौथ्या बोल्टची काळजी सोडा. डोकं गेलं म्हणजे बोल्ट गेला असं नाही. पंप बाहेर आला की बोल्टचा दांडा ब्लॉकमधून, म्हणजे इंजिनच्या मुख्य ठोकळ्यातून, बोटाच्या पेराएवढा वर दिसेल आणि धरायला जागा मिळेल. खरी अडचण पाचव्याची आहे. 10 नंबरचं डोकं घासलं असेल तर तीन सुताचं सॉकेट घ्या, सहा कोपऱ्यांचं. बारा कोपऱ्यांचं नको. तीन सूत मिलिमीटरच्या हिशेबात साडेनऊच्या आसपास येतं, म्हणून हातोडीने ठोकून घट्ट बसवता येतं. ठोकल्याने बोल्टच्या आट्यांनाही धक्का बसतो, गंज तडकतो. तेही फिरलं तर मधोमध पंच मारून साडेसहाच्या ड्रिलने फक्त डोकं कापा. मग पंपाला लाकडी हातोडीने आलटून पालटून दोन्ही बाजूंनी हलके ठोके द्या. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका, ब्लॉकच्या तोंडावर ओरखडा पडला की नवं गॅस्केटही (मधली पातळ पट्टी) गळतं.

आता उरले दोन दांडे. ब्लॉकला चुंबक लावून बघा. चिकटलं नाही तर ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आणि मग उष्णता तुमच्या बाजूची, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. हॉट एअर गनने बोल्टच्या भोवतीचा भाग तापवा, बोल्ट नव्हे. उघडी ज्योत नकोच, शेजारी पेट्रोलची नळी आहे. गरम असतानाच दांड्याच्या मुळाशी मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत उतरतं. चुंबक चिकटलं तर गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या. तेल मारलेल्या जागी मात्र लगेच गन लावू नका. मग व्हाइस ग्रिपने (घट्ट पकडून राहणारी पक्कड) आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने दाबा. 'कट्' असा बारीक आवाज आला की पाव फेरा उलट, पुन्हा जरा पुढे, पुन्हा मागे. आटे आपलीच माती बाहेर टाकत येतात.

तरीही हलला नाही तर दांड्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारून घ्या. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. गरमागरम नटाला पाना लावला की बहुतेक वेळा सुटतो. ईझी-आउट, म्हणजे मोडक्या बोल्टमध्ये भोक पाडून उलट्या आट्यांनी तो बाहेर काढायचं हत्यार, हा शेवटचा उपाय. मी विशीत असताना अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गॅरेजात अशाच बोल्टमध्ये ईझी-आउट मोडला. ते पोलाद इतकं कडक की ड्रिलची टोकं बोथट होऊन गेली. गाडीवाले दुसऱ्या पहाटे कुटुंबाला घेऊन तुळजापूरला निघणार होते. रात्री अकरापर्यंत बाकावर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून मी आधी नट वेल्ड करतो.

बोल्ट जाम का झाले, हे त्या पाण्यातच आहे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, चहाच्या भांड्याला चढतो तोच पांढरा थर इंजिनमध्येही चढतो. त्यात ॲल्युमिनियम आणि पोलाद शेजारी, मध्ये खारं पाणी, म्हणजे गंजाची भट्टीच. काही बोल्टचे आटे पाण्याच्या पोकळीतच उघडतात, ते सगळ्यात आधी धरतात. कूलंटमधली (रेडिएटरमध्ये घालायचं, इंजिन थंड ठेवणारं द्रव) गंजरोधक द्रव्यं नेमकं हेच थांबवतात. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. मे महिन्यात आपल्याकडे पारा 43-44 ला जातो तेव्हा तर हवंच.

बसवताना : बोल्टची लांबी वेगवेगळी असते, म्हणून पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी टोचून ठेवा. खराब झालेले दोन्ही बोल्ट नवे घ्या, भोकांत टॅप (आटे साफ करायचं हत्यार) फिरवा. पाण्यात उघडणाऱ्या आट्यांना सीलंट लावा. 6 मिमीच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतं, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा खरा. समोरासमोरच्या क्रमाने थोडं थोडं आवळा. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही याच वेळी बदला, खुणा जुळवूनच.

मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून, रेडिएटरचं टोपण उघडं ठेवून, इंजिन थंड असतानाच चालू करा. बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट घालत राहा. वर उसळू लागलं तर टोपण लावून थांबा. गरम झाल्यावर ते पुन्हा उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी परत बघा, अर्धा-पाव लिटर नक्की लागेल. आणि ब्लॉकला चुंबक चिकटलं की नाही ते मला कळवा.