वाचकांचे प्रश्न : तंबाखूच्या संशोधनाला सन्मान कशासाठी?

प्रश्न : तंबाखूने कर्करोग होतो हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे; पुडीवर तसे चित्रही छापलेले असते. मग याच विषयावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांना आजही निधी आणि पुरस्कार का दिले जातात? जे सिद्ध झाले आहे ते पुन्हा सिद्ध करण्यात काय हशील?
— एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : आज शाळकरी मुलाला जे ठाऊक आहे, ते ऐंशी वर्षांपूर्वी डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नव्हते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि तेथील विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतील मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. खानोलकरांना पुढे पद्मभूषण आणि राष्ट्रीय प्राध्यापकपद मिळाले. परंतु अशा आढाव्याला मर्यादा असते; रुग्णालयात येणारा माणूस आधीच आजारी असतो. तंबाखू खाणाऱ्यांपैकी किती जणांना हा रोग होत नाही आणि न खाणाऱ्यांपैकी किती जणांना होतो, हे जाणून घ्यायचे असेल, तर धडधाकट माणसांच्या दारात जावे लागते आणि तेही एकदा नव्हे, वर्षानुवर्षे.

हे काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने १९६६ पासून केले. डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली आणि कोपनहेगनचे मुखविकृतितज्ज्ञ जेन्स पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने दंतवैद्यांची पथके भावनगर, एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि त्या वेळच्या बिहारमधील दरभंगा व सिंहभूम या जिल्ह्यांतील खेड्यांत घरोघर गेली. त्यांनी ५०,९१५ लोकांची तोंडे तपासली. त्यापाठोपाठ पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी झाली.

या पाहणीतील एक तपशील मुद्दाम सांगावासा वाटतो. श्रीकाकुलमकडे, विशेषतः बायकांमध्ये, चुट्टा नावाची जाड विडी उलटी ओढण्याची चाल होती. म्हणजे जळते टोक तोंडाच्या आत आणि न पेटवलेले बाहेर. तेथे विकृती आढळत ती टाळूवर. एर्नाकुलमकडे तंबाखू घातलेले पान गालात धरून ठेवण्याची सवय होती आणि तेथे विकृती मुख्यतः गालाच्या आतल्या अस्तरावर दिसे. तंबाखू जेथे टेकते तेथेच रोग उगवतो, हे खेड्याखेड्यांतून असे स्पष्ट दिसू लागल्यावर आहार, दातांची अस्वच्छता किंवा नशीब यांना दोष देण्यास फारशी जागा उरली नाही. त्याच लोकांकडे पुढे दहा वर्षे वरचेवर जाऊन तपासणी केली, तेव्हा नवे मुखकर्करोग तंबाखू वापरणाऱ्यांमध्येच आढळले आणि बहुतेकांच्या तोंडात त्याआधी पांढरा चट्टा किंवा तशीच एखादी पूर्वखूण दिसलेली होती. पूर्वखूण असते याचाच अर्थ रोग अडवण्यासाठी वेळ मिळतो. म्हणून याच गटाने ३६,००० हून अधिक तंबाखू वापरणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून, चित्रे आणि चित्रफिती दाखवून सवय सोडण्यास सांगितले. ज्यांनी सोडली त्यांच्यात असे चट्टे उठण्याचे प्रमाण घटले. हा निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाला.

आपण पुरस्कारांविषयी विचारले आहे. जागतिक आरोग्य संघटना ३१ मे या तंबाखूविरोधी दिनाच्या निमित्ताने व्यक्तींना आणि संस्थांना गौरवते, आणि असे गौरव मला आवश्यक वाटतात. या संशोधनातून विकण्याजोगे औषध निघत नाही, एकस्वही (पेटंटही) मिळत नाही आणि निष्कर्ष हाती येण्यास दहा-दहा वर्षे लागतात. अशा कामासाठी सरकारी पैसा चालू राहायचा असेल, तर त्याचे मोल लोकांसमोर मांडले गेलेच पाहिजे. परंतु प्रयोगशाळेचा सर्वांत मोठा सन्मान मी वेगळाच मानतो. फ्रान्समधील ल्योन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली तंबाखूयुक्त पान हे माणसात कर्करोग निर्माण करते असा निर्णय दिला, तेव्हा तिच्यासमोरच्या पुराव्यात भारतीय खेड्यांतील या आकड्यांना महत्त्वाचे स्थान होते. एखाद्या प्रयोगशाळेचे आकडे जगाने निर्णयासाठी वापरावेत, याहून मोठे मानपत्र कोणते असू शकेल? खंत एवढीच वाटते की, उन्हातान्हात घरोघर जाऊन, अनोळखी माणसाला तोंड उघडायला लावून नोंदी करणाऱ्या क्षेत्रसेवकांची नावे कोणत्याही मानपत्रावर येत नाहीत.

काम संपलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. बिडी पानात वळलेली असते म्हणून ती सिगारेटहून सौम्य, असा समज आपल्याकडे पक्का होता. मुंबईत १९९१ ते १९९७ या काळात मतदार याद्यांच्या आधारे पस्तिशीपुढील सुमारे १,४८,००० रहिवाशांची नोंदणी करून त्यांचा पाठपुरावा झाला, तेव्हा पुरुषांमध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांच्या मृत्यूचे प्रमाण १.३७ पट, तर बिडी ओढणाऱ्यांचे १.६४ पट निघाले. हे पुन्हा सिद्ध करणे नव्हते. गरिबाच्या व्यसनाकडे प्रथमच नीट पाहणे होते.

प्रश्न : तंबाखू कंपनीने पैसा दिला, तरी विज्ञान ते विज्ञानच. तो नाकारण्याचे कारण काय?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर

उत्तर : कारण इतिहासात आहे. उंदरांच्या पाठीवर सिगारेटचे डांबर लावले असता कर्करोग होतो, हे अर्न्स्ट वाइंडर आणि सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवले. त्यावर अमेरिकेतील कंपन्यांनी जानेवारी १९५४ मध्ये चारशेहून अधिक वृत्तपत्रांत निवेदन छापून ‘आम्हीच संशोधन करवू’ असे जाहीर केले आणि त्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले. त्या पैशातून झालेले काही काम शास्त्रीयदृष्ट्या चोख होते, परंतु प्रश्न निवडले जात ते तंबाखूवरून लक्ष दुसरीकडे वळेल असे. हे मंडळ अखेर १९९८ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर बंद झाले. प्रामाणिक संशोधकाच्या हातूनही अशा वेळी कंपनीच्या सोयीचे काम घडते, म्हणून सन्मान देणाऱ्यांनी प्रयोगशाळेचा पैसा कोठून येतो हे आधी विचारणे मला योग्य वाटते.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. त्याच्या दप्तरात व्हेप (ई-सिगारेट) सापडले. ‘यात तंबाखू नाही, नुसती वाफ आहे, त्यामुळे कर्करोगाचा प्रश्नच नाही’ असे तो म्हणतो. हे खरे आहे का?
— एक आई, ठाणे

उत्तर : ताई, तो म्हणतो त्यातील एक भाग खरा आहे आणि तो मान्य केल्याशिवाय त्याच्याशी बोलणे जमणार नाही. व्हेपमध्ये पान जळत नाही, त्यामुळे सिगारेटच्या धुरातील अनेक विषारी द्रव्ये त्यात नसतात किंवा कमी असतात. मात्र ती नुसती वाफ नव्हे. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये आणि बहुधा निकोटीन यांचे मिश्रण तापलेल्या तारेवर तापते, तेव्हा फॉर्माल्डिहाइड तयार होऊ शकते आणि ते कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेले आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली ४० उंदरांना ५४ आठवडे निकोटीनयुक्त व्हेपचा धूर दिला, तेव्हा त्यांपैकी ९ उंदरांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. निकोटीनविरहित धूर दिलेल्या गटात तो एकालाही झाला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि या प्रयोगावरून माणसाविषयी निकाल देता येत नाही. परंतु फुप्फुसाच्या कर्करोगाला दोन-तीन दशके लागतात आणि व्हेप बाजारात येऊन तेवढाही काळ नीट लोटलेला नाही. ‘कोणाला झाल्याचे ऐकले नाही’ या म्हणण्याला म्हणूनच आज काही वजन नाही.

शिवाय आपल्या मुलाच्या बाबतीत तुलना सिगारेटशी करायचीच नाही, कारण तो सिगारेट सोडण्यासाठी व्हेप घेत नाही. त्याच्यासाठी दुसरा पर्याय स्वच्छ हवा हा आहे. निकोटीनची सवय कोवळ्या वयात लवकर जडते, हे त्याला शांतपणे सांगावे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी आहे, म्हणजे ते त्याला कोणीतरी बेकायदा विकले आहे. मुलाला गुन्हेगार ठरवू नका; विकणारा कोण, हे मात्र जरूर विचारा.

प्रश्न : आमच्या घरात सासूबाई आणि जाऊबाई रोज मिश्री लावतात. ती दातांसाठीच असते, मग तिचाही अपाय होतो का?
— एक गृहिणी, जुन्नर

उत्तर : होय. मिश्री म्हणजे तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. भाजल्याने तिची नशा किंवा विष जात नाही, आणि मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांतही ती कर्करोगकारक असल्याचे दिसले. महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात, त्यांपैकी बहुतेक जण धूररहित प्रकारांचे, हे २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळले. आपल्याकडच्या अनेक बायका मिश्रीला व्यसनात धरतच नाहीत. दोघींची तोंडे जवळच्या दंतवैद्याकडून तपासून घ्यावीत. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड पूर्ण न उघडणे यांपैकी काहीही असल्यास थांबू नये. सकाळी मिश्री लावल्याशिवाय शौचाला होत नाही, अशी तक्रार सोडताना हमखास येते. तो निकोटीनच्या सवयीचाच भाग आहे आणि काही दिवसांत कमी होतो. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे. सासूबाईंना एकट्याने सोडायला सांगण्यापेक्षा दोघी जावा-सासूंनी एकाच दिवशी सोडायचे ठरवले, तर डबी घरातूनच काढून टाकता येईल.