आमटी आंबली एक दिवस, बोभाटा झाला घोडबंदर रोडभर

प्रश्न : नमस्कार. मी कासारवडवलीला राहते, घरून पोळी-भाजीचे डबे देते. चाळीसेक मंथली आहेत, बाकी रोजचे. गेल्या महिन्यात आमच्या एरियाच्या फेसबुक ग्रुपवर एका बाईंनी पोस्ट टाकली की ह्यांच्या डब्यात बुरशी आलेली भाजी निघाली, किचनमध्ये झुरळं फिरतात आणि डबा खाऊन आमच्या मुलाला ॲडमिट करावं लागलं. सोबत फोटो. तो फोटो माझ्या डब्याचा नाहीच, काळा प्लास्टिकचा कंटेनर आहे, मी पहिल्यापासून स्टीलचे डबे देते! पण ऐकतंय कोण. पोस्ट सगळ्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरली, ज्यांनी कधी माझ्या हातचं खाल्लं नाही त्यांनीपण गूगलवर वन स्टार ठोकले, चौदा-पंधरा मंथली बंद झाले. त्या बाई माझ्याकडे डबा घ्यायच्या हे खरं आहे. त्या आठवड्यात आमटी आंबल्याची एक-दोघांची तक्रारही होती पण ऊन किती होतं, त्यात डिलिव्हरीचा मुलगा उशिरा गेलेला. मिस्टर म्हणतात डायरेक्ट पोलिसात जाऊ, आयटी ॲक्ट लावू. भाचा म्हणतो पैसे टाकून पन्नास फाइव्ह स्टार घेऊ, विषय संपला. सासूबाई म्हणतात गप्प बस, लोक विसरतात. मी रात्र रात्र कमेंट्स वाचत बसते. काय करू? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, आधी ते रात्रीचं कमेंट वाचणं थांबवा. खरंच. त्यानं एकही कमेंट कमी होणार नाहीये आणि सकाळी पाचला उठून कणीक तुम्हालाच मळायचीय. फोन मिस्टरांकडे द्या, त्यांना काहीतरी करायचंच आहे ना, तर हे करू दे : पोस्टचे, कमेंट्सचे, गूगल रिव्ह्यूंचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, नाव, तारीख, वेळ दिसेल असे, क्रॉप न करता, आणि पोस्टची लिंकही कॉपी करून ठेवायची. व्हॉट्सॲपवरचा मेसेज डिलीट करायचा नाही, ज्या फोनवर आलाय त्याच फोनवर राहू द्या. पुढे कोर्टात जायची वेळ आलीच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट द्यावं लागतं, नुसता कोणीतरी फॉरवर्ड केलेला फोटो चालत नाही. आणि पोस्ट उद्या उडाली तर तुमच्या हातात काहीच राहत नाही, म्हणून हे आज करा.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट बोलते. पत्रात आमटीचं वाक्य तुम्ही घाईघाईत लिहून ऊन आणि डिलिव्हरीवाल्या मुलावर ढकललंत. माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. बुरशी खोटी, झुरळं खोटी, फोटो तर सरळसरळ वडाची साल पिंपळाला, पण आमटी आंबली होती. ज्या एक-दोघांनी ती खाल्ली ते आता ही पोस्ट वाचून म्हणत असणार, हो हो, आमच्याकडेपण गडबड होती. खोट्याला पाय फुटलेत ते ह्या खऱ्या तुकड्यामुळे. म्हणून तुम्ही "सगळं खोटं आहे" असं लिहिलंत की ते दोघं तिसऱ्याला सांगणार की नाही, सगळं खोटं नाहीये, आणि मग तुमचं खरंही कोणी धरणार नाही.

तेव्हा आधी किचनमध्ये बसून त्या दिवसाचा हिशेब लावा. आमटी किती वाजता उतरवली, वाफ असतानाच डबे बंद केले का, खोबऱ्याचं वाटण सकाळचं होतं की आदल्या रात्रीचं, मुलगा किती वाजता निघाला. शिजवलेलं अन्न एकदा साठ डिग्रीच्या खाली आलं आणि तासन्‌तास बंद डब्यात कोमट राहिलं की जंतू वाढतातच, ऊन असो नसो, आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण असेल तर अजून लवकर. कारण सापडलं की बदल करा, म्हणजे वाटण रोज ताजं, डबे भरल्यापासून दोन तासात घरपोच, उन्हाळ्यात खोबरं बंद, जे काय असेल ते. हे झाल्याशिवाय ऑनलाइन एक अक्षर लिहू नका. उत्तर देताना तुमच्याकडे सांगायला काहीतरी खरं हवं.

मग त्या बाईंना एक फोन. पब्लिकमध्ये नाही, फोनच. भांडायला नाही. मुलगा कसा आहे विचारा, आणि ते मनापासून विचारा, कारण मूल खरंच आजारी असू शकतं, तुमच्या डब्यानं असो की दुसऱ्या कशानं. मग शांतपणे विचारा की तो फोटो कुठला, कारण तो आमचा डबा नाही. बऱ्याचदा माणूस रागाच्या भरात दुसरीकडून आलेला फोटो चिकटवतो आणि नंतर मागे कसं फिरायचं ते कळत नाही म्हणून ताणून धरतो, त्याला दार उघडं ठेवावं लागतं. ऐकलं तर पोस्ट त्या स्वतःच काढतील. नाही ऐकलं तर दुसरा फोन करायचा नाही, कोणाला मध्ये घालायचं नाही, मिस्टरांनी तर त्यांच्या बिल्डिंगखाली अजिबात जायचं नाही.

त्यानंतर उत्तर, एकदाच. फेसबुकवर, गूगलवर, व्हॉट्सॲपवर तेच उत्तर. आणि हे लिहिताना डोळ्यासमोर त्या बाई नकोत, ज्यांनी अजून काहीच ठरवलेलं नाहीये ती माणसं हवीत, म्हणजे पुढच्या आठवड्यात "कासारवडवली घरगुती डबा" असं सर्च करणारी नवीन भाड्यानं आलेली पोरं. त्यांना तुमचं भांडण नकोय, डबा घ्यावा की नाही एवढंच हवंय. मी लिहिलं असतं तर असं काहीसं :

"त्या आठवड्यात एका दिवशी आमच्या आमटीबद्दल दोन तक्रारी आल्या होत्या, त्या बरोबर होत्या, आम्ही माफी मागतो आणि त्या दिवसाचे पैसे परत करतोय. आता वाटण रोज सकाळी ताजं होतं आणि डबे भरल्यापासून दोन तासात पोचतात. पोस्टमधला फोटो मात्र आमच्या डब्याचा नाही, आम्ही फक्त स्टीलचे डबे वापरतो. बुरशी आणि झुरळांबद्दलची माहिती चुकीची आहे. आमचा एफएसएसएआय (सरकारी अन्न सुरक्षा नोंदणीचा) नंबर सोबत दिला आहे. ज्यांना किचन बघायचंय त्यांनी सकाळी दहा ते अकरा फोन करून जरूर यावं. मुलाला लवकर बरं वाटू दे."

बस. त्याखाली पन्नास कमेंट आल्या तरी गप्प राहायचं. आणि त्या बाईंचा फ्लॅट नंबर, विंग, त्यांची बाकी किती राहिलीय, नवऱ्याशी काय भांडण आहे, हे असलं काही म्हणजे काहीही लिहायचं नाही, खरं असलं तरी. गिऱ्हाइकाच्या घरातलं डबेवालीला माहीत असतं, ते तिनं बाहेर काढलं हे बघितल्यावर उरलेले मंथलीही घाबरतात.

तुमचा एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर असेलच असं धरून चाललेय, कोणीही तो फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर टाकून तपासू शकतं. नसेल तर पहिलं काम ते, घरगुती असलं तरी रजिस्ट्रेशन लागतं, आणि ते नसताना तुम्ही कोणाविरुद्ध कम्प्लेंट करायला गेलात तर हात दाखवून अवलक्षण. पेस्ट कंट्रोलची पावती असेल तर तीही काढून ठेवा.

गूगलचं थोडं वेगळं आहे. "आमची बाजू खरी, ह्यांची खोटी" ह्या वादात गूगल पडत नाही, तसं त्यांनी लिहूनच ठेवलंय. पण ज्यानं कधी डबा घेतलाच नाही त्यानं दिलेला रिव्ह्यू त्यांच्या नियमात बसत नाही. म्हणून बिझनेस प्रोफाइलमधून असे रिव्ह्यू एकेक करून रिपोर्ट करा, तुमच्या मंथलीच्या वहीशी नावं ताडून बघा आणि मगच, नाहीतर खऱ्या नाराज गिऱ्हाइकाला खोटा ठरवाल. रिपोर्ट नाकारला तर एकदा अपील करता येतं. त्याच्याही पुढे जायचं तर आयटी रूल्स २०२१ प्रमाणे प्रत्येक मोठ्या प्लॅटफॉर्मला ग्रीव्हन्स ऑफिसर ठेवावा लागतो, त्याच्याकडे लेखी तक्रार, आणि त्याचं उत्तर पटलं नाही तर तीस दिवसात सरकारच्या ग्रीव्हन्स अपेलेट कमिटीकडे ऑनलाइन अपील. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र सगळ्यात सोपा माणूस म्हणजे ॲडमिन. व्हॉट्सॲपवर ॲडमिनला कोणाचाही ताजा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. सेक्रेटरींना भेटून स्टीलचा डबा आणि तो फोटो शेजारी शेजारी दाखवा, फोनवर समजावण्यापेक्षा ते लवकर पटतं.

भाच्याला सांगा, नको रे बाबा. विकतचे रिव्ह्यू गूगलच्या नियमात बसत नाहीत, पकडले गेले तर उडतात आणि प्रोफाइलवरही कारवाई होऊ शकते. आणि कासारवडवलीच्या डब्याला एका रात्रीत पन्नास अनोळखी लोक "व्हेरी टेस्टी फूड" लिहून गेले की बघणाऱ्याला कळतं हो. आज तुम्ही खरं बोलणाऱ्या आहात, हेच तुमचं भांडवल आहे, ते घालवू नका. त्यापेक्षा जे पंचवीस मंथली अजून टिकून आहेत त्यांना सरळ विचारा की जे वाटतं ते लिहाल का, चांगलं-वाईट दोन्ही चालेल. दहा जणांनी लिहिलं तरी पुष्कळ.

आता मिस्टरांचा आयटी ॲक्ट. लोकांच्या डोक्यात अजून ते त्यातलं कलम ६६ अ आहे, ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून अटक करता यायची ते. २०१२ मध्ये फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती ते आठवत असेल, पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. त्यानंतर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि मार्च २०१५ मध्ये ते कलमच रद्द झालं. आता उरतं ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, बदनामी, दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही किंवा समाजसेवा. पण तो अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिस स्वतःहून तपास करत नाहीत, एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतील, पुढची फिर्याद तुम्हालाच मॅजिस्ट्रेटपुढे करावी लागते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करायचा तर पोस्ट टाकल्यापासून एका वर्षात. आणि कोर्टात जाणार कशावर? "चव आवडली नाही", "महाग आहे" ह्यावर काही होत नाही, होऊही नये. "झुरळं फिरतात", "हा फोटो त्यांच्या डब्याचा" ही विधानं खरी की खोटी ते तपासता येतं, नोटीस द्यायची तर तेवढ्याच दोन वाक्यांवर, आणि फोन आणि लेखी उत्तर दोन्ही करून झाल्यावर. पहिल्याच दिवशी वकिलाची नोटीस गेली की तिचाच स्क्रीनशॉट ग्रुपवर येतो आणि मग तुम्ही धमकावणाऱ्या ठरता. वकिलाच्या फीची काळजी असेल तर ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हा तुमचा हक्क आहे, संकोच करू नका.

सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. फेसबुकवरचं लोक विसरतात, गूगलवरचं राहतं. म्हणून एक उत्तर हवंच.

प्रश्न : माझं नेरूळला छोटं ब्युटी पार्लर आहे. एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला की वीस हजार दे नाहीतर रोज पाच वन स्टार पडतील. दोन दिवस पडलेसुद्धा. देऊन टाकू का? (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : एक रुपयाही नाही. दिलेत की पुढच्या महिन्यात परत येणार. हे बदनामीचं प्रकरण राहिलेलं नाही, धमकी देऊन पैसे मागणं म्हणजे खंडणी, न्याय संहितेचं कलम ३०८, आणि हा दखलपात्र गुन्हा आहे, पोलिसांना एफआयआर घ्यावाच लागतो. त्या माणसाशी घासाघीस करू नका, शिव्याही देऊ नका, चॅट जपून ठेवा आणि तुमच्या पोलिस स्टेशनला जा किंवा केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. घाबरून पैसे आधीच पाठवले असतील तर क्षणाचाही उशीर न करता १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला फोन. गूगललाही कळवा, खंडणीसाठी टाकलेले रिव्ह्यू त्यांच्या नियमाविरुद्धच आहेत. तोपर्यंत त्या रिव्ह्यूंखाली एकच ओळ लिहा की ह्या नावाचं कोणी आमच्याकडे आलेलं नाही, पोलिसात तक्रार केली आहे. अर्थात तक्रार केल्यावरच हं.

प्रश्न : मी ऐरोलीत सोफा दुरुस्तीला दिला, वाईट काम झालं, तसा रिव्ह्यू लिहिला. आता दुकानदार म्हणतो काढ नाहीतर मानहानीची केस करतो. काढू? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : जे झालं तेच लिहिलं असेल तर मुळीच काढू नका. बिल, आधीचा-नंतरचा फोटो, त्यांच्याशी झालेलं चॅट जवळ ठेवा. लोकांच्या भल्यासाठी सांगितलेलं खरं आणि सद्भावनेनं मांडलेलं मत, ह्यांना कलम ३५६ मध्येच अपवाद दिलेत. फक्त एकदा परत वाचा, "चोर", "फ्रॉड" असा शब्द गेला असेल तर तो काढून "शिवण आठ दिवसात उसवली, पैसे परत मागितले, दिले नाहीत" असं करा, ते तुम्हाला सिद्ध करता येतं. दुकानदारानं शिवण नीट करून दिली तर तेही खाली लिहा. आणि नोटीस खरंच आली तर ड्रॉवरमध्ये टाकून ठेवू नका, वकिलाकडून मुदतीत उत्तर पाठवा.