भाड्याने देण्यासाठी मुंबईत फ्लॅट घ्यायचाय, एजंट हवाच का?

नाही, रीसेलचा फ्लॅट असेल तर एजंट हवाच असं नाही. थेट मालकाशी बोललात तर दलालीचे साधारण 1 ते 2 टक्के वाचतात. भाव मात्र मालकाच्या तोंडचा धरू नका. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सीटीएस नंबर (इमारतीच्या जमिनीचा सिटी सर्व्हे नंबर) टाकून त्याच इमारतीतल्या अलीकडच्या विक्रीचे इंडेक्स 2 (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) उघडा, मोबदला आणि क्षेत्रफळ तिथे लिहिलेलंच असतं. मी भाव असाच काढतो. शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) आणि जुन्या करारांची साखळी वकिलाकडूनच तपासून घ्या, तिथे काटकसर नको! फ्लॅट भाड्याने दिलात की सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क) लावेल, ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर जाता कामा नयेत. पण तुम्ही मुंबईबाहेर राहत असाल, तर एजंट घ्याच: भाडेकरू शोधणं, पोलीस पडताळणी, गळती निघाली की प्लंबर गाठणं, हे लांबून निभत नाही.