सातारकर पुणेकर असू शकतात का?

प्रश्न असा आहे: आडनाव सातारकर, पण तीन पिढ्या पुण्यात. मग हे कुटुंब सातारकर की पुणेकर? आणि साताऱ्याचा सातारकर, तर बडोद्याचा बडोदेकर का?

कुटुंब दोन्ही आहे, कारण इथे एकाच रूपाचे दोन शब्द आहेत. आडनावातला ‘-कर’ सुटलेलं गाव सांगतो. साताऱ्यात सगळेच साताऱ्याचे, तिथे कुणाची सातारकर म्हणून ओळख पटणार नाही. असं नाव बहुधा परगावी पडतं. ‘पुणेकर’ हे सामान्यनाम मात्र आज राहतं गाव सांगतं.

दोन्हींतला फरक विभक्तीत ऐकू येतो. मित्राचं आडनाव असेल तर ‘सातारकरला फोन कर’. साताऱ्याचा रहिवासी असेल तर ‘सातारकराला कंदी पेढ्यांचं कौतुक काय सांगायचं!’ माणसाच्या नावा-आडनावाचं सामान्यरूप (प्रत्ययापूर्वी शब्दात होणारा बदल) आज सहसा होत नाही, सामान्यनामाचं होतं. आदरार्थी किंवा अनेकवचनात दोन्हीकडे ‘सातारकरांना’च येतं, तिथे संदर्भच बघावा लागतो.

आता जोडणी. ‘पुण्याला’, ‘पुण्याचा’ होतं, पण ‘पुण्याकर’ होत नाही, कारण ‘-कर’ हा शब्द घडवणारा प्रत्यय आहे, विभक्तीचा नव्हे. म्हणून ठाणेकर, धुळेकर, पेडणेकर. आकारान्त गावांचं मात्र दोन तऱ्हांनी होतं. सातारा, शिरोडा यांचा शेवटचा ‘आ’ गळतो: सातारकर, शिरोडकर. बडोदा, वेंगुर्ला, बांदा, रोहा यांचा ‘ए’ होतो: बडोदेकर, वेंगुर्लेकर, बांदेकर, रोहेकर. बडोदे, वेंगुर्ले अशी रूपंही मराठीत चालत आली आहेत, त्यांच्याशी हा ‘ए’ जुळतो. तरी कुठल्या गावाला कुठली तऱ्हा, हे रूढीच ठरवते. नियम लावून ‘सातारेकर’ करू नये. ईकारान्तात मंगेशीचे मंगेशकर, डिचोलीचे डिचोलकर अशी ‘ई’ गळालेली आडनावं आहेत, पण सांगलीकर, रत्नागिरीकर, इचलकरंजीकर यांत ती टिकते. नवा शब्द घडवताना ‘ई’ ठेवावी. ‘नाशिककर’मध्ये दोन्ही ‘क’ लिहायचे, ‘नाशिकर’ चूक.

वस्तूला ‘-कर’ लागत नाही: माणूस कोल्हापूरकर, चप्पल कोल्हापुरी.

परदेशी गावांनाही हा प्रत्यय बिनदिक्कत लावावा. लंडनकर, शिकागोकर, टोकियोकर हे रहिवासी म्हणून शुद्ध मराठी शब्द आहेत. उलट दिशेचा दाखला कोकणातल्या बेने इस्रायली या ज्यू समाजाचा. किहीम, पेण, रोहा या रायगडातल्या गावांवरून त्यांची किहीमकर (केहीमकर), पेणकर, रोहेकर अशी आडनावं पडली आणि 1948 नंतर ती त्यांच्याबरोबर इस्रायलला गेली. तिथे हैफात राहणारे पेणकर मराठीत आडनावाने पेणकर आणि राहण्याने हैफाकर.