हंगेरियन लोक अटिलाचे वंशज का? जुन्या लॅटिन इतिवृत्तांवर किती भिस्त ठेवायची

तुम्ही विचारलंय की मध्ययुगातल्या लॅटिन इतिवृत्तांत हंगेरियन लोकांना पाचव्या शतकातल्या हूण राजा अटिलाच्या लोकांचे वंशज म्हटलंय, भाषाशास्त्र मात्र त्यांची भाषा फिनिशच्या गोतातली सांगतं, मग खरं कोणाचं? भाषेपुरतं भाषाशास्त्राचंच खरं. मग्यार, म्हणजे हंगेरियन, भाषेच्या सर्वांत जवळच्या बहिणी, खांती आणि मान्सी, सैबेरियात ओब नदीच्या बाजूला बोलल्या जातात. पण तेवढ्यावरून इतिवृत्तं खोटी म्हणून बाजूला सारू नका. आपण बखर वाचताना घटना कधीची आणि लिहिणारा कधीचा, हे आधी बघतो. इथेही तेच करायचं.

मग्यार कार्पेथियन खोऱ्यात, म्हणजे आजच्या हंगेरीच्या परिसरात, उतरले ते साधारण ८९५ च्या सुमाराला. ‘गेस्ता हुंगारोरुम’ हे पुस्तक लिहिलं गेलं १२०० च्या आसपास, म्हणजे तीनशे वर्षांनी. लेखक आपलं पूर्ण नाव देत नाही, फक्त दिवंगत बेला राजाचा एके काळचा लेखनिक होतो एवढं सांगतो. बेला नावाचे राजे चार झाले. बहुतेक अभ्यासक इथे ११९६ मध्ये वारलेला तिसरा बेला धरतात. या अनामिकाला शेतकऱ्यांच्या खोट्या गोष्टी आणि भाटांची बडबडगाणी नको होती, तसं त्याने प्रस्तावनेत स्वच्छ लिहिलंय. तरी एमेशेचं स्वप्न त्याच्याकडेच सापडतं: ससाण्यासारखा पक्षी स्वप्नात आला, तिला दिवस गेले, तिच्या उदरातून मोठा प्रवाह निघून परक्या भूमीत पसरला. मुलाचं नाव आल्मोश. मग्यारमध्ये ‘आलोम’ म्हणजे स्वप्न. या आल्मोशचा मुलगा आर्पाद, म्हणजे खोऱ्यात उतरलेल्या मग्यारांचा नेता, आणि त्या वंशाचे राजे हंगेरीत १३०१ पर्यंत होते. स्वप्नातली ती नदी म्हणजे राजघराणंच.

त्याच्या लढायांबद्दल मात्र सावध राहा. गेलू, ग्लाद, मेनुमोरुत हे आर्पादचे शत्रू दुसऱ्या कुठल्याही समकालीन साधनात सापडत नाहीत. काही नावं तर गावांच्या नावांवरून घडवलेली वाटतात. कुमान टोळीवाल्यांना त्याने आर्पादच्या लोकांबरोबर आणून बसवलंय, पण कुमान काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशात अकराव्या शतकात आले. गेलूला हे पुस्तक ट्रान्सिल्व्हानियातल्या व्लाखांचा, म्हणजे रोमानियन लोकांच्या पूर्वजांचा, सरदार म्हणतं; म्हणून ट्रान्सिल्व्हानिया आधी कोणाचं, या रोमानियन-हंगेरियन वादात ही गोष्ट सारखी पुढे येते. मला ते फार खटकतं. एवढं वजन त्या प्रकरणाला पेलवत नाही.

हूणांची कथा पूर्ण रूपात येते ती केझाच्या शिमोनकडे, १२८० च्या दशकात. हा चौथ्या लास्लो राजाच्या दरबारातला धर्मगुरू. हुनोर आणि मोगोर हे दोघे भाऊ शिकारीत एका हरिणीच्या मागे लागून मेओटिसच्या दलदलीत, म्हणजे अझोव समुद्राजवळ पोचतात, तिथे आलान टोळीच्या दूला राजाच्या मुली पळवतात, आणि एकापासून हूण, दुसऱ्यापासून मग्यार होतात. गोष्ट सुंदर आहे. पण दलदलीतून वाट दाखवणारी हरिणी सहाव्या शतकात योर्दानेस या इतिहासकाराने हूणांबद्दल आधीच लिहून ठेवली होती. पश्चिमेतले लेखकही मग्यारांना हूण म्हणत आलेले. शिमोनने ही पुस्तकं वाचली होती, आणि परक्यांनी भीतीने दिलेलं नाव त्याने वारसा म्हणून स्वीकारलं. हूण या भूमीचे आधीचे मालक ठरले की मग्यार आक्रमक उरत नाहीत, आपल्याच घरी परतलेले ठरतात.

शिमोनचा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. सगळे एकाच वंशाचे, तर काही उमराव आणि काही दास कसे? तो म्हणतो, रक्ताने माखलेली तलवार फिरवून युद्धाची हाक दिली जायची. कारण नसताना जो आला नाही त्याला देहदंड, किंवा कायमचं दास्य. हे नवव्या शतकाचं वर्णन म्हणून घेऊ नका. तेराव्या शतकातले उमराव आपला हक्क कसा मांडत होते, ते इथे दिसतं.

आणि तरीही या परंपरेत खरी आठवण शिल्लक होती. मग्यारांचा एक भाग पूर्वेकडेच राहिला, असं हंगेरियनांच्या एका जुन्या इतिवृत्तात वाचून डोमिनिकन पंथाचे काही ख्रिस्ती भिक्षू १२३५ मध्ये शोधाला निघाले. शेवटी त्यांच्यातला युलियानुस एकटाच पुढे गेला. व्होल्गाकाठच्या बुल्गार मुलखात त्याला तिथे लग्न होऊन आलेली एक मग्यार बाई भेटली, तिने वाट सांगितली, आणि तो अशा लोकांत पोचला ज्यांची भाषा त्याला कळत होती. आपल्यातले काही जण पश्चिमेला गेले हे त्या लोकांनाही माहीत होतं, कुठे ते माहीत नव्हतं. दोनेक वर्षांनी युलियानुस पुन्हा निघाला, तेव्हा वाटेतच त्याला कळलं की मंगोलांनी तो मुलूख उद्ध्वस्त केलाय.