आरके३५८८ चिपच्या छोट्या संगणक-बोर्डावर 'माली' या ग्राफिक्स प्रोसेसरचा (जीपीयू) ओपन सोर्स ड्रायव्हर चालतो का? माझ्याकडे स्क्रीनवरची खिडकी सरकवली तरी अडखळतं.

चालतो, आणि चांगला चालतो. या चिपमधल्या माली-जी६१० साठी पँथॉर ड्रायव्हर लिनक्स कर्नल ६.१० मध्ये (२०२४) आला. सोबत मेसा (ग्राफिक्सची ओपन सोर्स लायब्ररी) २४.१ किंवा नंतरचं हवं. खिडकी सरकवली तरी अडखळतं म्हणताय, तर आधी टर्मिनलमध्ये जीएलएक्सइन्फो (glxinfo) ही आज्ञा चालवून रेंडरर, म्हणजे चित्रं कोण काढतंय, ते बघा. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' (llvmpipe) दिसलं तर जीपीयू रिकामाच, चित्रं काढायचं कामही बिचारा मुख्य प्रोसेसरच (सीपीयू) करतोय.

मालवणात आमच्या खानावळीत मेनू दाखवायला हाच बोर्ड लावलाय (खाऱ्या हवेत पिना गंजतात, तो वेगळा वैताग). माझंही नेमकं हेच झालं होतं. कर्नल नवा, पण मालीची फर्मवेअर फाइल (जीपीयूच्या आत चालणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकायची राहिलेली. ती टाकून रीस्टार्ट केल्यावर सुरमई थाळीचा फोटो सुरळीत सरकायला लागला. जुन्या ५.१० कर्नलची इमेज असेल तर आधी ती बदला, तिच्यात पँथॉर नाही.