६२ लाखांत अमेरिकेचं लायसन्स येईल, पण भारतात उडायचे पैसे?

प्रश्न: मुलगा २१ वर्षांचा, बारावीला फिजिक्स-मॅथ्स होतं. अमेरिकेतल्या एका फ्लाइंग स्कूलनं कमर्शियल लायसन्ससाठी ६२ लाखांचं कोटेशन दिलंय. एफडीत २२ लाख आहेत, ४० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी मिळतंय. परत येऊन इथेच नोकरी करायची आहे. पैसे भरू का?

उत्तर: आत्ता नको. कर्जाला माझी हरकत नाही; कोटेशन अर्धवट आहे आणि एफडी पूर्ण रिकामी होतेय, त्याला आहे.

लायसन्स विमानाच्या नोंदणीशी बांधलेलं असतं. १९४४ च्या शिकागो करारापासूनचा नियम आहे हा. व्हीटी (भारताचं नोंदणी-चिन्ह) नोंदणीचं भारतीय विमान उडवायला डीजीसीएचं, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाचं, लायसन्स हवं, म्हणजे अमेरिकेच्या एफएएचं (तिथल्या नियामकाचं) लायसन्स इथे रूपांतरित करून घ्यावं लागणार. तो खर्च ६२ लाखांत धरलेला आहे का, विचारा. बहुधा नसतो.

मग तास मोजा. तिथला पार्ट १४१ अभ्यासक्रम (एफएएनं मंजूर केलेल्या स्कूलचा) १९० तासांच्या उड्डाणात संपू शकतो. डीजीसीएला २०० लागतात, त्यात १०० पायलट-इन-कमांड (पीआयसी), म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेले. मेख इथेच आहे. प्रायव्हेट लायसन्स मिळालं की शेजारी इन्स्ट्रक्टर असतानाही, कंट्रोल मुलाच्या हातात असेल तर एफएएच्या नियमानं ते तास पीआयसी म्हणून लिहिता येतात. इकडे ते ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतचे शिकाऊ तास, धरले जातात. समजा लॉगबुकात पीआयसी ११० दिसले आणि त्यातले ३० असे निघाले, तर २० तास पुन्हा स्वतःच्या खर्चानं उडवायचे. म्हणून इन्स्ट्रक्टरशिवायचे १०० तास, ३०० नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री (एका विमानतळाहून दुसरीकडे लांबचं उड्डाण) आणि रात्रीचे ५ तास (१० टेक-ऑफ, १० लँडिंगसह) हे सगळं कोटेशनमध्ये लेखी मागा.

दुसरा फटका वेळेचा. डीजीसीएकडे अर्ज करताना आधीच्या सहा महिन्यांतले १५ तास पीआयसी लागतात, फ्लाइट टेस्टही ताज्या हव्यात. मुलगा परत येऊन डीजीसीएच्या लेखी पेपरांच्या अभ्यासाला बसला, एफएएकडून लायसन्सची पडताळणी रखडली, की सहा महिने उलटतात आणि इथे विमान भाड्यानं घेऊन तास भरावे लागतात. तोवर ४० लाखांवर महिन्याला सुमारे ३६,७०० रुपये व्याज चढतं. सहा महिने म्हणजे २.२ लाख, नुसते वाट बघण्याचे.

त्यामुळे क्रम उलटा करा. आधी क्लास २ आणि मग क्लास १ मेडिकल (पायलटसाठीची डीजीसीएची वैद्यकीय तपासणी). त्यात अनफिट ठरला तर तिथेच थांबता येतं, आणि तोवर स्कूलकडे तुमचं डिपॉझिट अडकलेलं नसावं. नंतर डीजीसीएचे पेपर (प्रत्येकात ७० टक्के) आणि आरटीआर (विमानातला रेडिओ वापरण्याचा परवाना) इथूनच काढून जाऊ दे. यात वर्ष गेलं तरी चालेल. तेवढ्यात तुम्हाला बचत वाढवता येईल, कारण एफडीतले किमान १० लाख रूपांतरासाठी आणि नोकरी लागेपर्यंतच्या हप्त्यांसाठी बाजूला हवेत. ते वगळले तर आज हातात ५२ लाखच उरतात. १० लाख कमी पडतायत, आणि ही तूट दुसऱ्या कर्जानं भरू नका.

फी टप्प्याटप्प्यानं, झालेल्या तासांप्रमाणे भरा. एकरकमी सवलत मिळत असली तरी. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून थेट पाठवलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) नाही, तेव्हा आधी कर्जाचेच पैसे वापरा. व्याजाची वजावट मात्र जुन्या करप्रणालीतच मिळते.

आणि एअरबसचं टाइप रेटिंग (त्या ठराविक विमानाचं वेगळं प्रशिक्षण) पॅकेजमध्ये गळ्यात मारत असतील तर काढायला सांगा. ते एअरलाइनचं ऑफर लेटर हातात आल्यावर.